आई-बाबांना घेऊन कॅथरीन: डार्विनहून एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

ओवी_ॲडलेड
नमस्कार मंडळी. जुलैच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनला जायचं ठरतंय. आई-बाबा साताऱ्याहून आलेत. आई ६६, बाबा ७१. बाबांचा एक गुडघा कुरकुरतो, पण "मला सगळं जमतं" हा बाणा कायम. बरोबर दोन पोरं, वय ९ आणि ६. काकाडू आणि लिचफील्ड ही राष्ट्रीय उद्यानं जवळजवळ पक्की. घरात वाद आहे तो कॅथरीनवरून. नवऱ्याचं म्हणणं, डार्विनहून ३२० किमी, रस्ता सरळसोट, पहाटे निघू, निटमिलुक गॉर्जमध्ये बोटीत बसू आणि रात्री जेवायला डार्विनला परत. मला ही नुसती पळापळ वाटते. पण मुक्काम करण्यासारखं त्या गावात काही आहे का, हेही माहीत नाही.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा: एक दिवस, मुक्काम, की सरळ काट मारू?

डार्विनकर
एका दिवसात नको. ठामपणे नको.

जाताना साडेतीन तास धरा, पोरं आणि बाबा असतील तर चार. स्टुअर्ट हायवेवर वेगमर्यादा १३० आहे, त्यामुळे नकाशावर सगळं सोपं दिसतं. पण परतीला अंधार पडणार, आणि अंधारात वालबी (छोटे कांगारू), गुरं, कुठे कुठे रानरेडे रस्त्यावर येतात. इथल्या बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात लिहिलेलं असतं की शहराबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवली आणि काही झालं तर विमा नाही. बारीक अक्षरांतलं ते कलम वाचाच. शिवाय दिवसाला किती किमी मोफत ते बघा. इथे १०० किमीची अट सर्रास असते, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे. जाऊन-येऊन साडेसहाशे होतात, हिशेब करा.

आणि रोड ट्रेन. ट्रकला तीन-तीन ट्रेलर, लांबी ५० मीटरच्या वर. ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्याशिवाय बाहेर निघू नका.

लिंबूटिंबू
म्हणजे रात्री नवरोबांनी चालवायची नाही आणि वालबींनी मात्र खुशाल रस्त्यावर फिरायचं. हा कुठला न्याय! (हलकं घ्या.)

खडकवेडा
मुक्कामाला माझं मत. कारण दगडाचं आहे, त्यामुळे इथल्या निम्म्या लोकांना जांभया येतील.

जाहिरातींत "१३ गॉर्जेस" असं असतं. खरं तर ती एकच लांब घळ आहे. कॅथरीन नदी तिच्यातून वाहते आणि मध्ये मध्ये खडकांचे आडवे बांध, खळाळ येतात, म्हणून तुकडे मोजले जातात. कोरड्या दिवसांत पाणी उतरलं की बोट बांधापाशी थांबते, तुम्ही उतरून खडकांवरून चालत पलीकडे जाता आणि दुसऱ्या बोटीत बसता. पहिल्या आणि दुसऱ्या घळीच्या मधल्या त्या वाटेवरच भिंतीवर जुनी चित्रं आहेत.

दगड वालुकाश्म, वय सुमारे १६५ कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटींचा, म्हणजे या हिशेबात कालचं पोर. या वालुकाश्माला उभ्या-आडव्या भेगा आहेत आणि नदीने त्या भेगांचाच रस्ता धरला. म्हणून नदी तिथे गोल वळणं घेत नाही, काटकोनात वळते. बोटीतून समोर भिंत दिसते, आता संपलं असं वाटतं, आणि मग एका बाजूला पाणी उघडतं. हे दुपारी बाराच्या उन्हात सपाट दिसतं. सकाळच्या पहिल्या बोटीत भिंतीचा एक भाग सावलीत आणि एक केशरी असतो, तेव्हा त्या भेगा नीट वाचता येतात. आता डार्विनहून निघून पहिली बोट कशी गाठणार? म्हणून मुक्काम.

सदाफुली
खडकवेडा, जांभई अजिबात आली नाही. वाचनखूण साठवली.

ओवीताई, बाबांच्या गुडघ्याचं मात्र बघा. ते "खडकांवरून चालत" लोक फार सहज लिहितात. अंतर कमीच आहे, पण जमीन उंचसखल, दगड गुळगुळीत, काही ठिकाणी पायऱ्या. माझ्या सासूबाईंनी काठी घेऊन, हळूहळू केलं. तीन घळींच्या फेरीला दोनदा असं उतरावं लागतं, ती त्यांना झेपली नसती. दोन घळींची फेरी साधारण दोन तासांची, ती पुरे.

चंदू_ब्रिस्बेन
विरुद्ध मत नोंदवतो. काट मारा.

बोट छान, मान्य. पण गाव अगदीच यथातथा. आम्ही राहिलो तिथे पार्किंगमध्ये गाडीची काच फोडून आतली बॅग नेली. संध्याकाळी मुख्य रस्त्यावर पिऊन आरडाओरडा चालू. बायको-मुलांना घेऊन फिरावंसं वाटलं नाही. लिचफील्डला धबधबे आहेत, काकाडूला दगडावरची चित्रं आहेत. मग कॅथरीनला वेगळं काय? माझं वैयक्तिक मत.

सांगलीकर_मगर
काच फुटायला कॅथरीन कशाला लागतं हो चंदूभाऊ, ती कुठेही फुटते.

माझा प्रश्न वेगळा. तिथल्या नदीत मगरी आहेत म्हणे. आम्ही कृष्णाकाठचे. भिलवडी, औदुंबर पट्ट्यात मगर दिसली की पेपरात बातमी येते आणि चार दिवस कुणी पाण्यात उतरत नाही. मग तिथे लोक त्याच पाण्यात होड्या वल्हवतात ते कसं?

डार्विनकर
@सांगलीकर, दोन जाती आहेत. गोड्या पाण्यातली मगर, लांब निमुळत्या तोंडाची, घळीत कायम असते. डिवचली नाही तर माणसाच्या वाटेला जात नाही. खाऱ्या पाण्यातली ती खरी धोक्याची. पावसाळ्यात नदी फुगली की ती वर चढून येते. म्हणून पावसाळा संपल्यावर रेंजर पाहणी करतात, सापळे लावतात, आणि खात्री झाल्यावरच कनू, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्या, भाड्याने द्यायला सुरुवात होते. वाळूच्या काही पट्ट्यांवर "मगरींची अंडी, उतरू नका" अशा पाट्या असतात, तिथे उतरायचं नाही. पोहायचं असेल तर आधी त्या दिवशीची पाटी वाचायची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत ही सवय लावूनच घ्या.

शेवंता
मी नोकरीनिमित्त कॅथरीनला राहिले आहे, त्यामुळे चंदू यांचा प्रतिसाद वाचून गप्प बसवलं नाही. लांबण लागेल, माफी.

काच फुटते, हे खरं. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रात्री बॅगा खोलीत न्या. दारूचा त्रास आहे, हेही खरं. म्हणूनच तिथे बाटली विकत घेताना ओळखपत्र स्कॅन होतं आणि दुकानं उघडी असण्याच्या वेळा मोजक्या असतात.

पण "रस्त्यावरचे लोक" म्हणताना थोडं थांबा. कॅथरीन सहा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, पण आजूबाजूच्या प्रचंड मुलखाला दवाखाना, कोर्ट, बँक, बाजार हेच. कित्येक वस्त्यांतून माणसं डायलिसिससाठी येतात आणि आठवड्यातून अनेकदा मशीनवर बसायचं असल्याने परत जाऊच शकत नाहीत. त्यांच्याबरोबर घरची माणसंही येतात. राहायला जागा नाही, मग झाडाखाली बसतात. तिथून जाताना नमस्कार करा, बहुतेक वेळा हसून उत्तर मिळतं. न विचारता फोटो मात्र काढू नका.

आता गावात काय आहे? गावाला लागून, नदीच्या काठावर कोमट पाण्याचे झरे आहेत. प्रवेश फुकट, उतरायला सोय चांगली. आई-बाबा काठावर पाय सोडून बसतील आणि पोरं बाहेर येणार नाहीत. पाणी निळसर हिरवं, दोन्ही बाजूंना पँडॅनस, म्हणजे आपल्या केवड्याचीच भावंडं. (सुगंधाची अपेक्षा ठेवू नका, आईंची निराशा होईल.) कधी कधी काठच्या झाडांवर तांबड्या वटवाघळांच्या झुंडी उतरतात, तेव्हा वासही येतो आणि गोंगाटही. तो संध्याकाळी उठणारा थवा पोरांना जन्मभर लक्षात राहील.

दूरच्या गुरांच्या फार्मवरच्या मुलांसाठीची स्कूल ऑफ द एअर तिथे आहे. पूर्वी रेडिओवरून वर्ग भरायचे, आता उपग्रहावरून. तुमच्या नऊ वर्षांच्या पोराला सांगा, वर्गातला जवळचा मित्र शेकडो किलोमीटरवर.

आणि पूर. जानेवारी १९९८ मध्ये लेस चक्रीवादळाच्या पावसाने नदी २० मीटरच्या वर गेली आणि बाजारपेठ पाण्याखाली आली. जुनी माणसं अजून "पुराआधी" आणि "पुरानंतर" अशीच बोलतात. जुलैत गुडघाभर पाण्यात पोरं खेळतात त्या काठावर उभं राहून वर झाडांकडे बघा.

सांगलीकर_मगर
२० मीटर! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. म्हणजे १७ मीटरच्या पुढे. गावपेठा, मारुती चौक, सगळं बुडालं. "पुराआधी-पुरानंतर" हे अगदी समजलं शेवंताताई. ते गाव एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

चंदू_ब्रिस्बेन
शेवंता, डायलिसिसचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. पण माझी बॅग गेली तीही खरीच ना. सहा वर्षांची मुलं बरोबर असताना पालक दोन्ही बाजू ऐकूनच ठरवणार.

शेवंता
ऐकूच द्या की. तुमचा प्रतिसाद पुसा असं कुठे म्हटलं मी.

लिंबूटिंबू
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, दोघंही समजूतदार निघाली. छ्या.

तात्या_पर्थ
आमच्या बाजूची बाजू मांडतो. नदीकाठचं गाव आणि घळी हेच हवं असेल तर कॅथरीन म्हणजे पर्यटकांनी गजबजलेली जागा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातलं फिट्झरॉय क्रॉसिंग बघा.

ब्रूमहून पूर्वेला सुमारे ४०० किमी. जानेवारी २०२३ च्या पुरात तिथला हायवेचा पूलच मोडून पडला, पश्चिम आणि उत्तर ऑस्ट्रेलिया जोडणारा, जमिनीवरून जाणारा मुख्य दुवा तुटला, ट्रक हजारो किलोमीटरचा वळसा घालून जात होते. डिसेंबर २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला. गावापासून २० किमीवर डांगू, म्हणजे गीकी गॉर्ज. तिथल्या भिंती चुनखडीच्या. ३५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, हा त्यातल्या प्रवाळखडकांसारख्या रांगेचा भाग. भिंतीचा खालचा पट्टा पांढरा धुतलेला आणि वरचा लालसर-करडा. पांढरं तेवढं दर पावसाळ्यात नदी घासते. समुद्रापासून इतक्या आत असून त्या नदीत करवतमासे सापडतात.

पुढे विंडजाना ही घळ आणि टनेल क्रीक. टनेल क्रीकमध्ये ७५० मीटर लांबीच्या गुहेतून, टॉर्च घेऊन, पाण्यातून चालत डोंगराच्या पलीकडे निघायचं. हा सगळा बुनुबा या मूलनिवासी लोकांचा मुलूख. त्यांचा जांडामारा आधी पोलिसांचा वाटाड्या होता. १८९४ मध्ये त्याने एका पोलिसाला मारलं, आपल्या पकडलेल्या लोकांना सोडवलं आणि विंडजानात पोलिसांशी लढला. पुढे अडीच वर्षं तो या गुहा-कपारींच्या जोरावर हाती लागला नाही. १ एप्रिल १८९७ ला टनेल क्रीकपाशीच मारला गेला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या दप्तरात तो गुन्हेगार. त्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की त्याला पकडणं इतकं अवघड का होतं ते कळतं.

भटकभवानी
तात्या, पोस्ट सुरेख, पण धागा काय आहे? ७१ वर्षांच्या बाबांना गुडघ्यासकट अंधाऱ्या गुहेत पाण्यातून चालवणार तुम्ही? आणि कॅथरीन ते फिट्झरॉय क्रॉसिंग अकराशे किलोमीटरच्या वर आहे. "आमच्या बाजूची बाजू" म्हणजे पुणे सोडून दिल्लीला राहायला जा सांगण्यासारखं झालं. शिवाय विंडजाना-टनेल क्रीकचा रस्ता कच्चा, साध्या भाड्याच्या गाडीला कच्च्यावर परवानगी नसते.

स्वतंत्र धागा काढाच मात्र. जांडामारावर आणखी वाचायला आवडेल.

तात्या_पर्थ
काढतो. आणि बाबांना नाही हो, नवरोबांना पाठवा गुहेत.

खडकवेडा
अवांतर: जावॉयन या तिथल्या मूलनिवासी लोकांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. निटमिलुक त्यांचं. "निटमिलुक" म्हणजे सिकाडा किड्यांची जागा. बरीच वर्षं दावा लढल्यावर १० सप्टेंबर १९८९ ला जमीन त्यांच्या ताब्यात परत आली, आणि त्यांनीच ती राष्ट्रीय उद्यान म्हणून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिली. व्यवस्थापन दोघांचं मिळून. बोटी चालवणारी कंपनीही जावॉयन लोकांच्या मालकीची. दुसऱ्या घळीतल्या खोल डोहात बोलुंग हा इंद्रधनुष्य-सर्प राहतो असं ते मानतात, म्हणून तिथे ते मासे धरत नाहीत. बोटीवर जावॉयन मार्गदर्शक मिळाला तर प्रश्न विचारा, आणि काही गोष्टींना "हे सांगायचं नसतं" असं उत्तर आलं तर तेवढ्यावर थांबा.

आंबेवाली
आंब्यांचं कुणी का बोलत नाहीये? कॅथरीनच्या आजूबाजूला मैलोन् मैल आमराया आहेत! केन्सिंग्टन प्राइड जातीच्या. भारतातून आलेल्या कोयीपासून ही जात झाली असं मानतात. ब्रिटिश फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून घोडे भारतात जायचे, त्या जहाजांवरून ती क्वीन्सलंडच्या बोवेनला आली म्हणे.

देवगडचा_राजा
घोडे देऊन कोय मिळाली, आणि तीही हापूसची नाही. व्यवहारात फसले बिचारे.

आंबेवाली
हापूसवाल्यांनी हा धागा सोडून बाकी सगळे धागे वापरावेत. केन्सिंग्टन ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे झाडाखाली उभं राहून खा, मग बोला. (हो, रेषा असतात. दात कोरून काढाव्या लागतात. तरीही.)

शेवंता
ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र आई-बाबांसोबत नको. पावसाआधीचे ते दिवस, ३८ च्या आसपास तापमान, दमट हवा, ढग येतात आणि पडत नाहीत. माणसं चिडचिडी होतात. जुलै उत्तम. दिवसा ३० च्या आसपास आणि रात्री एकदम गार, स्वेटर न्या. उत्तरेत जायचंय म्हणून सगळे स्वेटर घरी ठेवून येतात.

ओवी_ॲडलेड
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. केवडा नाही म्हटल्यावर तिचा रस कमी झाला, पण वटवाघळांवर पोरं जाम खूश. नवऱ्याने गाडीच्या कराराचा नमुना उघडून वाचला. अंधाराचं कलम आहे. वाद तिथेच मिटला, मला काही बोलावंच लागलं नाही.

आता ठरतंय ते असं: डार्विनहून निघून वाटेत एडिथ फॉल्स, संध्याकाळी कॅथरीन. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बोट, दोन घळींची. दुपारी कोमट झरे. तिसऱ्या दिवशी परत. बाबांना तीन घळींचीच फेरी हवी आहे. "सज्जनगड चढतो मी दरवर्षी." त्यांना काय सांगू? आणि खाण्याचं कसं? आई अंडंही खात नाही, आणि आषाढी एकादशी त्याच सुमाराला.

सदाफुली
बाबांना सांगा, सज्जनगडाला पायऱ्या बांधलेल्या आहेत.

एडिथ फॉल्सचा खालचा डोह गाडीतळापासून अगदी जवळ, सगळ्यांना चालेल. वरच्या डोहाची वाट चढाची, ती तुम्ही आणि नवरोबा पाळीपाळीने करा.

भटकभवानी
खाण्याचं: कॅथरीनला मोठं सुपरमार्केट आहे, भाज्या, दही, डाळी मिळतात. छोटं स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि जिरं घरून न्या, गावात साबुदाण्याच्या भरवशावर राहू नका. गॉर्जपाशी कॅफे आहे, पण शाकाहाऱ्याला चिप्स आणि सँडविच. गावाबाहेर टेल्स्ट्रा सोडून बाकी मोबाइल जवळजवळ मुके, त्यामुळे नकाशे उतरवून ठेवा. आणि इतर राज्यांतून येणाऱ्यांना पार्क्स पास लागतो, तो घरीच ऑनलाइन काढा. काकाडूचा वेगळा.

तात्या_पर्थ
आणि उद्या माझं ऐकून आमच्या बाजूला याल तेव्हा लक्षात ठेवा, कुनुनुराजवळ पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर गाडी थांबवून फळं, भाज्या, मध काढून घेतात. आमच्या बरोबरच्या एका काकूंनी किलोभर लिंबं वाया जाऊ नयेत म्हणून तिथेच रस्त्याकडेला सगळ्यांना सरबत पाजलं होतं.

आंबेवाली
काकूंना साष्टांग नमस्कार.

नवखा_प्रवासी
उशिरा आलो धाग्यावर. आम्हाला सुट्टी फेब्रुवारीतच मिळते. तेव्हा गेलं तर चालेल का? धबधबे भरलेले असतील ना?

डार्विनकर
धबधबे भरलेले असतात, पण तिथपर्यंत पोचायचा रस्ता बंद असू शकतो. कनू बंद, झरे बंद, एडिथ फॉल्सला पोहणं बंद. पाणी वाढलं की बांध बुडतात, तेव्हा घळीत वेगळ्या, जोरकस बोटी चालतात, त्याही पाण्याचा अंदाज बघून. हेलिकॉप्टरमधून मात्र तेव्हाची घळ बघण्यासारखी, हिरवी गच्च. जायचंच असेल तर हाताशी दोन दिवस मोकळे ठेवा, रस्त्यांची स्थिती रोज सकाळी सरकारी संकेतस्थळावर बघा, आणि रस्त्यावर पाणी दिसलं तर खोली दाखवणाऱ्या खांबावर कितीही कमी आकडा असो, गाडी घालू नका.

नवखा_प्रवासी
धन्यवाद. मग जुलैसाठी बॉसशी भांडतो.

लिंबूटिंबू
बॉसला हा धागा वाचायला द्या. तो स्वतःच रजा टाकेल, मग तुमची अजिबात मंजूर व्हायची नाही.